धुरांड्यातील वायूचा हिशेब : इंधनाच्या स्थिर ज्वलनातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कसे ठरवले जाते

औष्णिक विद्युत केंद्र, साखर कारखान्याचे बाष्पक, सिमेंटची भट्टी, रुग्णालयातील डिझेल जनित्र आणि घरातील स्वयंपाकाचा गॅस यांच्यात एक समान सूत्र आहे. या सर्व ठिकाणी इंधन एकाच जागी जाळले जाते. वाहने, विमाने किंवा आगगाड्यांप्रमाणे ज्वलनाचे ठिकाण बदलत नाही. म्हणून हरितगृह वायूंच्या हिशेबात या प्रकाराला स्थिर ज्वलन असे म्हटले जाते. जगातील अनेक देशांच्या हरितगृह वायू उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा याच प्रकाराचा असतो.

भारताने ३० डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अद्ययावत अहवालानुसार, २०२० मध्ये देशाचे एकूण उत्सर्जन, जमिनीचा वापर आणि वनक्षेत्र वगळता, २९५ कोटी ९० लाख टन कार्बन डाय-ऑक्साइडइतके होते. त्यातील ७५ टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जा क्षेत्राचा, तर सुमारे ३९ टक्के वाटा केवळ वीजनिर्मितीचा होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत होणारे उत्सर्जन २००५ च्या पातळीपेक्षा ३६ टक्क्यांनी घटल्याचेही याच अहवालात नमूद करण्यात आले आहे. हे प्रमाण २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केले होते.

अशा सर्व आकड्यांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. एक टन कोळसा जाळला असता नेमका किती वायू बाहेर पडतो? या प्रश्नाचे उत्तर केवळ वजनकाट्यावर मिळत नाही आणि कोळसा कोणत्या खाणीतला आहे यावर ते बरेच बदलते.

मोजणी आणि गणना

धुरांड्यातून बाहेर पडणारा वायू प्रत्यक्ष मोजणे हा एक मार्ग आहे. अमेरिकेत १९९० मध्ये हवा शुद्धता कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर आम्लवर्षा नियंत्रण कार्यक्रमांतर्गत मोठ्या विद्युत केंद्रांच्या धुरांड्यांवर अखंड मोजणी करणारी उपकरणे बसवण्यात आली. भारतातही प्रदूषणकारी उद्योगांच्या धुरांड्यांवर अशी उपकरणे बसवण्यात आली आहेत. मात्र त्यांचा मुख्य उद्देश धूलिकण, सल्फर डाय-ऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर लक्ष ठेवणे हा आहे.

कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत दुसरा मार्ग, म्हणजे इंधनावरून गणना करण्याचा मार्ग, अधिक प्रचलित आहे. त्यामागील तत्त्व शालेय रसायनशास्त्रातील आहे. इंधनातील कार्बन जळताना नाहीसा होत नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. १२ भार कार्बनपासून ४४ भार कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. म्हणजेच एक टन कार्बन पूर्ण जळल्यास सुमारे ३.६७ टन वायू निर्माण होतो. बाहेर पडणाऱ्या वायूचे वजन इंधनापेक्षा जास्त कसे, या सर्वसामान्य शंकेचे उत्तर यातच आहे. वाढीव वजन हवेतून आलेल्या ऑक्सिजनचे असते.

या गणनेची जगन्मान्य पद्धत हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीने घालून दिली आहे. ही समिती १९८८ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय उत्सर्जनाच्या नोंदींसाठी तिने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या खंडात स्थिर ज्वलनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील मूळ सूत्र असे आहे : जाळलेल्या इंधनातून मिळालेल्या उष्णतेला त्या इंधनाच्या उत्सर्जन गुणांकाने गुणावे. उष्णता टेराज्यूलमध्ये, म्हणजे दहा लाख मेगाज्यूलच्या एककात मांडली जाते. प्रत्येक टेराज्यूलमागे किती वायू बाहेर पडतो हे उत्सर्जन गुणांक सांगतो.

तीन स्तर

माहितीच्या उपलब्धतेनुसार या पद्धतीचे तीन स्तर करण्यात आले आहेत. ज्या देशाकडे स्वतःच्या इंधनाची आकडेवारी नाही, त्याने पहिल्या स्तरावर समितीने दिलेले सर्वसाधारण गुणांक वापरावेत. दुसऱ्या स्तरावर देशातील इंधनाच्या रासायनिक पृथक्करणावरून ठरवलेले गुणांक वापरले जातात. तिसऱ्या स्तरावर प्रत्येक केंद्राचे इंधन, तंत्रज्ञान आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष मोजणी विचारात घेतली जाते.

समितीच्या तक्त्यानुसार कार्बन डाय-ऑक्साइडचा सर्वसाधारण गुणांक नैसर्गिक वायूसाठी टेराज्यूलमागे ५६.१ टन, डिझेलसाठी ७४.१ टन, फर्नेस तेलासाठी ७७.४ टन, बिट्युमिनस कोळशासाठी ९४.६ टन आणि लिग्नाइटसाठी १०१ टन आहे. सारखीच उष्णता मिळवताना नैसर्गिक वायूपासून होणारे उत्सर्जन कोळशाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते, हे यावरून दिसून येते.

हेच गुणांक दैनंदिन वापरातील इंधनांनाही लागू पडतात. घरगुती गॅसच्या १४.२ किलो वजनाच्या एका सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या जनित्रात एक लिटर डिझेल जळल्यास सुमारे २.७ किलो वायू तयार होतो. वायू आणि तेल यांची रासायनिक घडण जगभर बरीचशी सारखी असल्याने त्यांच्याबाबतीत सर्वसाधारण गुणांक वापरूनही फारशी चूक होत नाही. कोळशाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

देशी कोळसा, परदेशी तक्ते

भारतातील विद्युत केंद्रांना पुरवल्या जाणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. राख जळत नाही, त्यामुळे तिच्यापासून उष्णताही मिळत नाही आणि वायूही निर्माण होत नाही. समितीच्या तक्त्यात बिट्युमिनस कोळशाचा निव्वळ उष्मांक एक हजार टनांमागे २५.८ टेराज्यूल धरलेला आहे. भारताने २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या पहिल्या राष्ट्रीय निवेदनासाठी देशातील कोळशाचे पृथक्करण करण्यात आले. तेव्हा कोकिंग नसलेल्या, म्हणजे मुख्यतः वीजनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाचा निव्वळ उष्मांक १९.६३ टेराज्यूल इतकाच आढळला.

या फरकाचा परिणाम मोठा आहे. तक्त्यातील आकडे वापरल्यास एक टन कोळशामागे २.४४ टन कार्बन डाय-ऑक्साइड येतो. देशी आकडे वापरल्यास तो १.८८ टन येतो. म्हणजेच केवळ कोळशाच्या वजनावरून आणि परक्या उष्मांकावरून हिशेब केला, तर भारताच्या नावावर सुमारे ३० टक्के जादा उत्सर्जन नोंदले जाईल.

मात्र देशी कोळसा त्यामुळे अधिक स्वच्छ ठरतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याच पृथक्करणानुसार भारतीय कोळशाचा उत्सर्जन गुणांक टेराज्यूलमागे ९५.८ टन, म्हणजे तक्त्यातील गुणांकापेक्षा सुमारे एक टक्क्याने जास्तच आहे. टनामागे वायू कमी निघतो, पण तेवढीच वीज निर्माण करण्यासाठी जास्त टन जाळावे लागतात. लिग्नाइटच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक ठळक होतो. देशातील लिग्नाइटच्या एका टनातून जेमतेम एक टन वायू बाहेर पडतो, परंतु उष्णतेच्या मापाने त्याचा गुणांक १०६ टन, म्हणजे कोळशापेक्षाही अधिक आहे. म्हणूनच इंधनांची तुलना वजनावर न करता उष्णतेवर करावी, असा या शास्त्राचा पहिला नियम आहे.

एकूण आणि निव्वळ उष्मांक

या हिशेबात वारंवार होणारी चूक उष्मांकाच्या व्याख्येशी निगडित आहे. इंधन जळताना त्यातील ओलावा आणि हायड्रोजन यांच्यापासून पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ थंड होऊन पाणी झाल्यास परत मिळणारी उष्णता धरून जो आकडा येतो, त्याला एकूण उष्मांक म्हणतात. ती उष्णता वगळल्यास निव्वळ उष्मांक मिळतो. कोळसा आणि तेल यांच्याबाबतीत दोहोंत सुमारे ५ टक्के, तर नैसर्गिक वायूच्या बाबतीत सुमारे १० टक्के फरक असतो.

आंतरसरकारी समितीचे गुणांक निव्वळ उष्मांकावर आधारलेले आहेत. याउलट भारतातील विद्युत केंद्रे आणि कोळसा कंपन्या एकूण उष्मांक वापरतात. देशात १ जानेवारी २०१२ पासून कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकानुसार केली जात असून त्यासाठी १७ श्रेणी ठरवण्यात आल्या आहेत. त्यामुळे केंद्राच्या नोंदवहीतील उष्मांक थेट समितीच्या गुणांकाने गुणल्यास उत्तर चुकते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने आपल्या कार्बन डाय-ऑक्साइड आधारभूत माहितीसंचात यासाठी एकूण उष्मांकावर आधारित स्वतंत्र गुणांक दिला आहे. कोळशासाठी तो टेराज्यूलमागे ९२.५ टन आहे. कोळशातील सर्व कार्बन जळत नाही, काही अंश राखेबरोबर बाहेर पडतो, हे लक्षात घेऊन प्राधिकरणाने ०.९८ हा ऑक्सिडीकरण गुणांकही लावला आहे. समितीच्या पहिल्या स्तरावर मात्र कार्बनचे पूर्ण ज्वलन गृहीत धरले जाते.

एक उदाहरण

एखाद्या विद्युत केंद्राने एका महिन्यात एक लाख टन कोळसा जाळला आणि त्याचा सरासरी एकूण उष्मांक किलोमागे ४,००० किलोकॅलरी होता, असे मानू. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८६८ किलोज्यूल. त्यानुसार एकूण उष्णता सुमारे १,६७५ टेराज्यूल होते. तिला ९२.५ ने आणि नंतर ०.९८ ने गुणल्यास सुमारे १ लाख ५१ हजार ८०० टन कार्बन डाय-ऑक्साइड येतो.

याच केंद्राच्या हिशेबात चुकून निव्वळ उष्मांकाचा ९५.८ हा गुणांक वापरला गेला, तर उत्तर सुमारे १ लाख ५७ हजार २०० टन येईल. म्हणजे एका महिन्यात ५,४०० टनांची चूक होईल. उष्मांक न तपासता थेट समितीच्या तक्त्यातील आकडे वापरल्यास उत्तर २ लाख ४४ हजार टनांवर जाईल. कोळसा तोच, केंद्र तेच आणि धुरांडेही तेच असताना केवळ गणनेमुळे एवढा फरक पडतो.

इंधनाच्या नोंदी घेतानाही काटेकोरपणा आवश्यक असतो. खरेदी केलेला कोळसा म्हणजे जाळलेला कोळसा नव्हे. महिन्याच्या आरंभीचा साठा अधिक आवक, त्यातून अखेरचा साठा वजा, हे प्रत्यक्ष वापराचे प्रमाण होय. खाणीतून निघताना आणि बाष्पकात जाताना कोळशाच्या ओलाव्यात फरक पडतो. प्रतवारीतील जी-११ श्रेणीचा विस्तारच ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी असल्याने केवळ श्रेणीवरून हिशेब केल्यास ७ टक्क्यांपर्यंत फरक राहू शकतो. त्यामुळे बाष्पकात जाणाऱ्या कोळशाचे नमुने नियमितपणे तपासणे हाच विश्वासार्ह मार्ग मानला जातो. देशी कोळशात आयात कोळसा मिसळणाऱ्या केंद्रांनी दोहोंचे वजन आणि उष्मांक स्वतंत्रपणे नोंदवणे अपेक्षित असते.

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड

ज्वलनातून अल्प प्रमाणात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायूही बाहेर पडतात. त्यांचे प्रमाण इंधनातील कार्बनवर नव्हे, तर भट्टीचे तापमान, हवेचा पुरवठा आणि तंत्रज्ञान यांवर अवलंबून असते. कोळशावरील विद्युत केंद्रांसाठी समितीने टेराज्यूलमागे एक किलो मिथेन आणि दीड किलो नायट्रस ऑक्साइड असे गुणांक दिले आहेत. नायट्रस ऑक्साइडचा हा गुणांक प्रत्यक्षात अर्धा किलोपासून पाच किलोपर्यंत असू शकतो, असेही समितीने नमूद केले आहे.

वेगवेगळ्या वायूंची बेरीज करण्यासाठी त्यांच्या तापमानवाढीच्या क्षमतेचा आधार घेतला जातो. पॅरिस कराराच्या अंमलबजावणीसाठी २०१८ मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथे ठरलेल्या नियमांनुसार शंभर वर्षांच्या कालावधीसाठी मिथेन २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड २६५ पट धरला जातो. पूर्वीच्या अनेक अहवालांत हे आकडे अनुक्रमे २१ आणि ३१० होते. त्यामुळे जुन्या आणि नव्या अहवालांची तुलना करताना कोणता संच वापरला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. वरील उदाहरणातील केंद्राच्या बाबतीत या दोन वायूंचा एकत्रित वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी येतो.

चुलीच्या बाबतीत चित्र निराळे आहे. घरगुती वापरात लाकूड अपुऱ्या हवेत आणि कमी तापमानाला जळते. त्यामुळे समितीने त्यासाठी मिथेनचा गुणांक टेराज्यूलमागे ३०० किलो, म्हणजे कोळशावरील विद्युत केंद्राच्या तीनशे पट धरला आहे.

उसाच्या चिपाडांचा प्रश्न

महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातील साखर कारखाने उसाची चिपाडे म्हणजे बगॅस जाळून वाफ आणि वीज निर्माण करतात. चिपाडे जळतानाही कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो आणि उष्णतेच्या मापाने तो कोळशापेक्षा कमी नसतो. तरीही राष्ट्रीय नोंदीत तो ऊर्जा क्षेत्राच्या बेरजेत धरला जात नाही. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच पुन्हा हवेत जातो, तसेच वनस्पतींतील कार्बनच्या साठ्यात होणारे बदल शेती आणि जमिनीच्या वापराच्या हिशेबात धरले जातात, हे त्यामागील कारण होय. एकच उत्सर्जन दोनदा मोजले जाऊ नये, हा त्याचा हेतू आहे. हा आकडा माहितीसाठी वेगळा नोंदवला जातो. मात्र चिपाडांपासून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड बेरजेत धरावाच लागतो. चिपाडांबरोबर कोळसा जाळला गेल्यास त्याचा हिशेबही पूर्णपणे द्यावा लागतो.

सिमेंटच्या भट्टीत अशीच विभागणी करावी लागते. भट्टी तापवण्यासाठी जाळलेल्या इंधनाचे उत्सर्जन स्थिर ज्वलनात मोडते. चुनखडीच्या विघटनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड औद्योगिक प्रक्रियेच्या सदरात नोंदवला जातो.

चीनचा अनुभव

एखाद्या देशाचे आकडे किती बदलू शकतात, याचे उदाहरण २०१५ मध्ये जगासमोर आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चीनमधील कोळशाच्या हजारो नमुन्यांचे विश्लेषण मांडण्यात आले. तेथील कोळशाचे उत्सर्जन गुणांक समितीच्या सर्वसाधारण गुणांकांपेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. त्यानुसार २०१३ मधील चीनचे उत्सर्जन आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी ठरले. मात्र त्याच वर्षी चीनच्या सरकारी आकडेवारीतही सुधारणा झाली आणि काही वर्षांतील कोळशाचा वापर पूर्वी सांगितल्यापेक्षा १७ टक्क्यांपर्यंत जास्त असल्याचे स्पष्ट झाले. गुणाकारातील दोन्ही आकडे बदलले, तेही परस्परविरुद्ध दिशांना. इंधनाचे प्रमाण आणि त्याची प्रत या दोहोंपैकी एकाचीच काळजी घेऊन भागत नाही, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

अशा चुका उघडकीस याव्यात यासाठी समितीने दुहेरी पडताळणीची शिफारस केली आहे. एका पद्धतीत विद्युत केंद्रे, कारखाने आणि घरे यांच्या वापराची बेरीज केली जाते. दुसऱ्या पद्धतीत देशातील इंधनाचे उत्पादन, आयात, निर्यात आणि साठ्यातील बदल यांवरून स्वतंत्रपणे उत्सर्जन काढले जाते. दोन्ही उत्तरांत सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांहून अधिक अंतर पडल्यास त्याचे कारण शोधणे अपेक्षित असते.

आकड्यांचे आर्थिक मोल

भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००६ मध्ये आपला माहितीसंच प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हा क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली प्रकल्प उभारणाऱ्यांना त्याचा मुख्यतः उपयोग होता. आज त्याचा वापर अधिक व्यापक आहे. या माहितीसंचानुसार २०२२-२३ मध्ये देशातील विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७१६ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडला. विजेच्या वापरातून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब मांडणाऱ्या कंपन्या आणि संस्था याच सरासरीचा आधार घेतात.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन पत व्यापार योजना अधिसूचित केली. त्यापाठोपाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतील कारखान्यांसाठी उत्सर्जन तीव्रतेची उद्दिष्टे निश्चित करण्यात आली. उद्दिष्टापेक्षा चांगली कामगिरी करणाऱ्यास विकण्याजोगी प्रमाणपत्रे मिळतील, तर मागे पडणाऱ्यास ती खरेदी करावी लागतील, असे या योजनेचे स्वरूप आहे. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणीही १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक टप्प्यात आली. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट आणि खते यांसारख्या मालाच्या उत्पादकाकडे पडताळणी झालेली स्वतःची आकडेवारी नसल्यास तेथे ठोकताळ्याचे आकडे लावले जातात.

अशा परिस्थितीत बाष्पकाजवळ घेतलेला कोळशाचा नमुना आणि प्रयोगशाळेत तपासलेला त्याचा उष्मांक यांना पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे. वर दिलेल्या उदाहरणातील ५,४०० टनांची चूक कागदावर किरकोळ वाटत असली, तरी प्रत्येक टनाला किंमत लागू झाल्यावर ती कारखान्याच्या ताळेबंदात उतरते. देशांच्या बाबतीतही हेच खरे आहे. ज्यांनी आपले इंधन स्वतः तपासले आहे, त्यांना आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत स्वतःच्या आकड्यांच्या आधारे बोलता येते. ज्यांनी ते तपासलेले नाही, त्यांचा हिशेब दुसऱ्याच्या कोळशावरून केला जातो.